ब्रायरचा पाइप कारखान्यात कसा घडतो: लेथवर काम करणाऱ्यांसाठी

निपाणीच्या वखारींतला तंबाखू विडीत जातो, थोडाफार तोंडात जातो. ज्यात तंबाखू भरून ओढतात त्या लाकडी पाइपमध्ये तो जात नाही. पाइपसाठी व्हर्जिनिया, बर्ली असली वेगळी पानं लागतात आणि ती मुरवण्याची तऱ्हाही वेगळी. त्यामुळे बेळगावात पाइपचा विषय निघतो तो तंबाखूमुळे नव्हे, लेथमुळे, म्हणजे कातकामाच्या यंत्रामुळे. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात बोअरिंग करणारे, फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवणारे, कास्टिंग ब्लास्ट करणारे, बफिंगवाले असे सगळे एकाच शहराच्या आजूबाजूला आहेत. अशा ठिकाणी कुणाच्या हातात पाइपचं ड्रॉइंग पडलं की पहिला उद्गार ठरलेला: "ह्यात काय आहे ओ काका? लाकूड तर आहे. हायड्रॉलिकचा सिलिंडर बोअर करणाऱ्याला हे काय अवघड?"

मापं अवघड नाहीत, हे खरंच. लोखंडाच्या बारमध्ये आत काय आहे ते सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं. ब्रायरच्या, म्हणजे पाइप ज्याचा करतात त्या लाकडाच्या, ठोकळ्यात आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि कळतं तेव्हा निम्मं काम होऊन गेलेलं असतं. म्हणून पाइपच्या कारखान्याची सगळी मांडणी दोन नियमांवर उभी असते: भोकं आधी, आकार नंतर, आणि दर्जा आधी ठरवायचा नाही, लाकूड उघडं पडल्यावर ठरवायचा. हे दोन नियम डोक्यात ठेवून पुढचं वाचावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाइपनेही होतो. हा लेख वस्तू कशी बनते याबद्दल आहे, ओढण्याची शिफारस नाही.

लाकूड

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठाने वाढणारं एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप. इटली, कॉर्सिका, सार्डिनिया, ग्रीस, स्पेन, अल्जेरिया, मोरोक्को इकडे ते मिळतं. पाइप त्याच्या खोडाचा नसतो, मुळाचाही नसतो. खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे जमिनीखाली एक गाठ वाढते, तिचा असतो. कामाला येण्याजोगी गाठ व्हायला कित्येक दशकं जातात. ही गाठ घट्ट असते, तिच्यात सिलिकाचा अंश असतो, ती सहजी जळत नाही आणि धुराला स्वतःची चव फारशी लावत नाही. फ्रान्सच्या जुरा डोंगरात सेंट-क्लोद नावाचं गाव आहे. तिथले कारागीर आधीपासून लाकूडकाम करत होते. 1850 च्या दशकात ब्रायर त्यांच्या हाती लागलं आणि पाइपचा कारखानदारी धंदा तिथे उभा राहिला.

खणून काढलेली गाठ करवतीखाली जाईपर्यंत ओली ठेवावी लागते, नाहीतर उन्हात तडकते. करवतवाला मधला लाल, मेलेला भाग टाकून देतो आणि उरलेल्यातून ठोकळे पाडतो. त्या ठोकळ्याचा ढोबळ आकार पाइपसारखाच असतो, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळता. सरळ पाइपसाठी एक काप, वाकड्या पाइपसाठी दुसरा. मग हे ठोकळे मोठ्या तांब्याच्या हंड्यांत अर्धा ते एक दिवस उकळतात. त्याने आतला चीक आणि टॅनिन निघून जातं. उकळल्यावर सावलीत, हळूहळू, महिनोन् महिने वाळवतात. चांगले कारखाने विकत घेतलेला माल पुन्हा स्वतःच्या मांडणीवर वर्ष-दोन वर्षं ठेवतात.

आपल्याकडे खरेदी करायची तर हाच उकळलेला, वाळवलेला ठोकळा आयात करायचा. खानापूर-दांडेलीच्या जंगलात सागवान, शिसव असताना बाहेरून लाकूड कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण सागवान तेलकट, ते तापलं की वास सोडतं आणि करपतं. शिसवाच्या भुकटीने अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला त्रास होतो, शिवाय त्याच्या वाहतुकीला वनखात्याच्या परवानगीचं लचांड. हात बसवायला बाभळीचे किंवा चिंचेचे तुकडे घ्यावेत, त्यावर सगळी भोकं मारून बघावीत आणि ते तुकडे चुलीत घालावेत. गिऱ्हाइकाच्या तोंडी द्यायला ते नाहीत.

माल आल्यावर पहिलं काम गोदामाचं. बेळगावचा जुलै आणि बेळगावचा एप्रिल यांच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पावसाळ्यात बसवलेला फिट उन्हाळ्यात तसाच राहील याची खात्री देता येत नाही. ठोकळे सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नयेत. भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांच्या रॅकवर, मध्ये हवा खेळेल असे रचावेत. तयार होणारा पाइपही त्याच खोलीत थांबवावा.

कागदावरचं काम

पाइपचे भाग थोडेच. तंबाखू भरायची वाटी, तिच्यातून निघणारा लाकडी दांडा, दांड्यात घट्ट बसणारी तोंडाची नळी. नळीच्या टोकाला दातांत धरायला जी उंच कड असते तिला बटण म्हणतात. नळीच्या दुसऱ्या टोकाची बारीक खुंटी ज्या भोकात बसते ते दांड्याचं, म्हणजेच खुंटीचं, भोक, आणि त्याच्या पुढे वाटीच्या तळापर्यंत जाणारी धुराची बारीक वाट.

नेहमीच्या मध्यम पाइपची मापं साधारण अशी: वाटीचं भोक 19 ते 20 मिलिमीटर रुंद, 35 ते 40 मिलिमीटर खोल, तळ गोलसर. धुराची वाट 3.5 ते 4 मिलिमीटर. खुंटीचं भोक 8 मिलिमीटरच्या आसपास. जर्मन गिऱ्हाइकाला बहुधा 9 मिलिमीटरचा फिल्टर लागतो. त्यासाठी दांडा जाड धरावा लागतो आणि आकाराचं सगळं प्रमाण बदलतं, म्हणून हे ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावं. वाटीची भिंत काठाशी 7-8 मिलिमीटरपेक्षा पातळ नको. तळाशीही तेवढं लाकूड राहिलं पाहिजे, कारण निखारा शेवटी तिथेच बसतो.

आता खरी मेख. ड्रिल सरळच जातं. पाइप बाहेरून कितीही डौलदार वळलेला असो, आतली वाट दांड्याच्या तोंडापासून वाटीच्या तळापर्यंत एका सरळ रेषेत मारावी लागते. म्हणून आकार आधी काढून त्यात भोक बसवत बसू नये. आलेखाच्या कागदावर खऱ्या मापात बाजूचं चित्र काढावं. आधी वाटीचं भोक. मग त्याच्या तळाच्या बिंदूतून दांड्याच्या तोंडाकडे 4 मिलिमीटरची पट्टी. ही पट्टी जिथून जाते तिथे वर-खाली पुरेसं लाकूड राहत असेल तरच तो आकार बनवण्याजोगा. वाकड्या पाइपमध्ये ही पट्टी दांड्याच्या वरच्या कडेतून बाहेर डोकावते, किंवा वाटीत तळाच्या वर कुठेतरी निघते. दोन्ही बाद. वाट तळाच्या वर निघाली की खाली ओला, न जळलेला तंबाखू साठून राहतो आणि ओढताना बुडबुडे येतात.

डब्लिनच्या पीटरसन कंपनीने याच अडचणीचा उपयोग करून घेतला. 1890 च्या पेटंटमधल्या त्यांच्या रचनेत दांड्यात मुद्दाम एक मोठी पोकळी आहे. धुरातलं पाणी तिथे साठतं आणि वाट तिच्या वरून जाते. वाकड्या पाइपचं ड्रॉइंग करणाऱ्याने ती रचना एकदा नीट पाहावी.

नळीचंही गणित कागदावरच करावं. 4 मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे 12.5 चौरस मिलिमीटर. दाताजवळ नळी चपटी असते, जेमतेम 4 मिलिमीटर जाड. तिथे गोल भोक मावणार नाही. म्हणून भोक चपटं आणि रुंद करत न्यायचं. 1.5 मिलिमीटर उंच, 8 मिलिमीटर रुंद केलं की 12 चौरस मिलिमीटर झालं. धुराला वाट जवळपास तेवढीच मिळाली. स्वस्त पाइपमध्ये हे रुंद करणं गाळलेलं असतं, आणि ओढणारा "खेचावा लागतो" अशी तक्रार करतो ती याचीच.

भोकं

ठोकळा धरायला आपला नेहमीचा तीन जबड्यांचा चक, म्हणजे लेथची पकड, उपयोगाचा नाही. दोन जबड्यांचा चक लागतो, त्याला ठोकळ्याच्या बाजूंना धरणारे, लाकूड किंवा चामडं लावलेले जबडे. कारखान्यात वाटीचं भोक आणि वाटीची वरची अर्धी बाहेरची गोलाई एकाच बैठकीत निघते. मधोमध चमच्याच्या आकाराचं ड्रिल आत जातं, त्याच वेळी बाजूचं आकारदार पातं बाहेरून कातत येतं. आत आणि बाहेर एकाच केंद्रावर, त्यामुळे भिंत सगळीकडे सारखी. वाटी एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ असा पाइप दिसला तर समजावं, दोन कामं दोन वेळा धरून केलेली आहेत.

हे चमच्याचं ड्रिल बाजारात मिळेलच असं नाही. हायस्पीड स्टीलच्या चपट्या पट्टीतून वाटीच्या आतल्या आकाराचं ग्राइंड करून घ्यावं, उद्यमबागेत ते कुणीही टूल ग्राइंडर करून देईल. फक्त त्याला लोखंडासाठी नाही हे सांगावं, म्हणजे तो धार जास्त तीक्ष्ण काढेल. कूलंट, म्हणजे कापताना थंड ठेवायला सोडतात ते पाणी-तेल, पूर्ण बंद. लेथवरचं जुनं तेल, कूलंटचा चिकटा आधी पुसून घ्यावा, कारण ब्रायर तेल पितं आणि तो डाग पॉलिशपर्यंत पाठ सोडत नाही. फीड, म्हणजे ड्रिल आत सरकवणं, हळू. पाइपचा ठोकळा तापला की आतून भेगाळतो आणि भेग दिसते फार पुढे.

मग ठोकळा काटकोनात, किंवा ड्रॉइंगमधल्या कोनात, फिरवून दांड्याची बाजू. फिरणारा जबडा असेल तर ठोकळा सोडून पुन्हा बांधायची गरज नाही, आणि शक्यतो सोडूच नये. दांड्याचं तोंड आधी सपाट करावं, मग खुंटीचं भोक, मग त्याच सेटिंगवर धुराची वाट. क्रम असा, कारण खुंटीचं भोक बारीक ड्रिलला केंद्र देतं. 4 मिलिमीटरचं लांब ड्रिल लाकडाच्या रेषेमागे वाहवत जातं. थोडं आत, बाहेर काढून भुसा झाडायचा, पुन्हा थोडं आत. घाई केली की ड्रिल तिरपं जाऊन वाटीच्या तळाच्या बाजूला निघतं.

हे काम बरोबर झालं का ते तिथेच बघावं. लहान टॉर्च वाटीत वरून धरावी. वाटेचं भोक तळाशी मधोमध, त्याची खालची कड तळाला टेकलेली, असं दिसलं पाहिजे. मग दांड्याकडून पाइप साफ करायची दोऱ्याची तार आत घालावी. ती न अडता वाटीच्या तळाशी डोकं वर काढते का? काढली तर पुढचं टेबल. नाही तर ठोकळा इथेच बाजूला. ह्या टप्प्यावर टाकलेला ठोकळा स्वस्तात पडतो, पॉलिशनंतर टाकलेल्यात सगळ्यांची मजुरी गेलेली असते.

बाहेरचा आकार

दांड्याची गोलाई कातून झाल्यावर वाटी आणि दांडा मिळतात तो भाग उरतो. तो लेथवर कातता येत नाही. कारखान्यात त्यासाठी नमुना बघून कापणारं कॉपी मशीन असतं: एका बाजूला धातूचा नमुना पाइप, त्यावरून फिरणारं बोट, आणि तसंच हलणारं कटर दुसऱ्या बाजूच्या लाकडावर. फाउंड्रीचे पॅटर्नमेकर ही कल्पना लगेच ओळखतील. आता हे काम सीएनसीवरही करतात, पण धरायचा आधार तोच: वाटीचं भोक एका मँड्रेलवर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या दांडीवर, दांड्याचं भोक दुसऱ्यावर. आकाराची सगळी मापं भोकांपासून मोजायची, ठोकळ्याच्या बाहेरच्या कडांपासून कधीच नाही. छोट्या शेडला कॉपी मशीन परवडत नसेल तर सँडिंग डिस्कवर हाताने हा भाग काढणारे कारागीर असतात. त्याला वेळ लागतो, पण आकार जास्त जिवंत येतो, असं माझं मत आहे.

तोंडाची नळी

दोन पर्याय: एबोनाइट किंवा अॅक्रेलिक. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. शाईपेन बनवणाऱ्यांकडे त्याच्या कांड्या असतात. दाताला मऊ लागतं, वाकवायला सोपं, पण उन्हात ठेवलं की हिरवट-तपकिरी पडतं. अॅक्रेलिक काळंभोर राहतं, दाताला मात्र टणक. मोठे कारखाने साच्यातल्या तयार नळ्या घेऊन फक्त खुंटी कातून बसवतात.

खुंटी कातणं हे मात्र आपल्या टर्नरच्या हातचं काम. हाताने पिळून, थोड्या जोराने जाईल आणि झटकली तर सुटणार नाही असा फिट. प्रत्येक लाकडाचं भोक किंचित वेगळं येतं, म्हणून खुंटी गेजच्या मापाला नव्हे, त्या भोकाला कातायची. लांबी भोकाच्या खोलीपेक्षा अगदी थोडी कमी, अर्धा मिलिमीटर पुरे. जास्त फट राहिली की तिथे पाणी साठतं. खुंटीच्या तोंडाला आतून हलकासा शंकू काढावा म्हणजे तार अडत नाही. आणि नळी दांड्याला टेकते ती जागा उजेडासमोर धरून बघावी, मधून प्रकाश दिसता कामा नये.

नळी वाकवायची असेल तर आत दोऱ्याची तार घालून गरम हवेने फिरवत फिरवत तापवावी, मऊ पडली की साच्यावर वाकवावी आणि थंड पाण्यात धरावी. तार नसेल तर वळणावर आतलं भोक चेपतं.

इथून पुढे एक शिस्त: ही नळी याच पाइपची. दोन्ही एकाच खणात, एकाच नंबराखाली. कारण आता दांडा आणि नळी जोडलेल्या अवस्थेत एकत्र घासायची आहेत, बोट फिरवलं तर जोड लागू नये इतकी. कडा गोल होऊ नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकची पातळ चकती घालतात.

दर्जा कुठे ठरतो

घासायला सुरुवात झाली की लाकूड बोलायला लागतं. रेषा उभ्या, सरळ, वाटीभर सारख्या असतील तर तो सगळ्यात महाग माल. आडवं कापलं गेलेल्या बाजूला बारीक ठिपके दिसतात, त्याला पक्ष्याच्या डोळ्याचं नाव आहे, तोही मान्यतेचा. आणि मग खड्डे. ब्रायरमध्ये वाळूचे कण, बारीक पोकळ्या असणं हे नेहमीचंच. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या ठोकळ्यात पॉलिश पेपर 220 वर आल्यावर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उघडतो, आणि आणखी घासला तर मोठाच होतो.

इथे कारखाना माल चार वाटांना लावतो. स्वच्छ तो नैसर्गिक रंगात, फक्त मेणावर. एखाद-दुसरा खड्डा असेल तर लाकडाची भुकटी आणि डिंकाच्या लगद्याने भरून गडद रंग. खड्डे जास्त पण भिंत मजबूत असेल तर सँडब्लास्ट, किंवा हत्याराने मुद्दाम खडबडीत कोरणं. आत भेग असेल तर सरळ टाकायचा, भेग लगद्याने भरून विकायची नाही. ती तापल्यावर उघडतेच.

सँडब्लास्ट म्हणजे दुय्यम माल, असं मानू नये. लंडनच्या डनहिलने 1917 मध्ये ब्लास्ट केलेल्या पाइपचं पेटंट घेतलं आणि त्याचा 'शेल' पाइप मानाचा झाला. ब्लास्टमध्ये मऊ लाकूड झडतं आणि वाढीची कडक वलयं कड्यांसारखी उभी राहतात. बेळगावात शॉट ब्लास्टिंग सगळीकडे आहे, पण कास्टिंगचा स्टीलचा छर्रा इथे चालत नाही, तो वलयंही फोडतो आणि लाकडात लोखंडाची काळी घाण सोडतो. काचेचे बारीक मणी, कमी दाब, आणि वाटीचं भोक व दांड्याचं तोंड बुचाने बंद.

रंग, मेण आणि वाटीची आतली बाजू

पेपर 120, 220, 400, 600 या क्रमाने. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसावं, उठलेले तंतू वाळू द्यावेत, पुन्हा घासावं. रंग स्पिरिटमधला. आधी गडद रंग लावून घासून काढला तर मऊ रेषांत तो उरतो, त्यावर फिकट रंग दिला की रेषा उठून दिसतात. स्पिरिट लावलेल्या पाइपजवळ पेटती काडी नको. शेडमध्ये धूळ ओढणारा पंखा आणि प्रत्येकाच्या तोंडाला मास्क हवाच. ब्रायरची आणि एबोनाइटची भुकटी दोन्ही वाईट.

छाप मेणाच्या आधी मारायचा. मग बफिंग: एका चाकावर तपकिरी ट्रिपोली, म्हणजे घासून चकाकवायचा मसाला, दुसऱ्यावर पांढरं कंपाउंड, शेवटी कार्नोबा मेण. तीन चाकं वेगळी, त्यांची अदलाबदल नाही. कार्नोबा टणक असतं, 82 ते 86 अंशांना वितळतं, म्हणून हाताच्या उबेने पाइप चिकट होत नाही. पाइप चाकाच्या मध्याच्या खाली धरायचा. वर धरला तर चाक तो हिसकावून भिंतीवर मारतं. पितळी मूठ चकाकवणाऱ्या बफिंगवाल्याला इथे आवरावं लागतं, हौसेने जास्त दाबलं की दांड्याची कड गोल होते आणि जोडात फट दिसू लागते. लॅकर मारू नये. चमक पहिल्या दिवशी जास्त, पुढे तापून फोड येतात.

वाटीला आतून लेप द्यायचा की नाही यावर दोन मतं आहेत. काही कारखाने सोडियम सिलिकेटमध्ये कोळशाची भुकटी कालवून लावतात. आपल्या फाउंड्रीत सीओटू कोअर, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे, बांधायला वापरतात तेच हे काचपाणी. लेपाने नवीन वाटी करपत नाही, पण जाणकार गिऱ्हाईक उघडं लाकूड मागतं, कारण लेपाखाली खड्डा लपवता येतो. माझा सल्ला: लेप द्यायचा तर स्वच्छ वाटीलाच द्यावा आणि बिलावर तसं लिहावं.

शेवटची तपासणी हाताने आणि तोंडाने. तार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, नळी काढून-घालून दोनदा, आणि रिकामा पाइप ओढून बघायचा. शिट्टी वाजली तर आत कुठेतरी वाट अचानक अरुंद झाली आहे. बहुधा खुंटीच्या तोंडाशी किंवा चपट्या भोकात. तपासणाऱ्याला प्रत्येक पाइपसाठी तोंडात धरायचं वेगळं रबरी टोक द्यावं.

ब्रायर परवडत नसेल तर

मक्याच्या कणसाचा पाइप हा अगदी वेगळा धंदा. अमेरिकेत मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावात तो 1869 पासून चालू आहे. गोकाक-सौंदत्तीकडे मका मुबलक, म्हणून ही कल्पना सगळ्यांना सुचते. पण तिथे बुरकूंड जाड आणि लाकडासारखं व्हावं म्हणून मुद्दाम वाढवलेलं वाण लावतात, कणसं दीर्घकाळ वाळवतात आणि बाहेरून प्लास्टर लावून कातून गुळगुळीत करतात. आपला हायब्रीड मका दाण्यासाठी वाढवलेला, त्याचं बुरकूंड लेथवर भुगा होतं.

मातीचं मात्र जमण्यासारखं आहे. खानापूरला कुंभारकामाचं शिक्षण देणारी खादी ग्रामोद्योगाची संस्था आहे आणि चिलीम करणारे हात आजूबाजूला आहेत. युरोपात मातीचे पाइप दोन भागांच्या धातूच्या साच्यात बनत: पांढऱ्या मातीची वळी, तिच्यात तेल लावलेली तार ओवायची, साचा मिटून दाबायचा, वाटीत वरून ठोकळ्याने पोकळी करायची, तार काढून वाळवायचं आणि भाजायचं. साचा उद्यमबागेत, माती-भट्टी खानापुरात. ब्रायरचा ठोकळा आयात करण्याआधी एवढा प्रयोग करून बघायला भांडवल फारसं लागत नाही, आणि तार सरळ ओवणं किती कठीण आहे तेही कळतं.